दोन माणसांची बॅटरी

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यांवरून मी मेणाची हिरडी घडवते, तिच्यात एकेक दात बसवते आणि पक्की कवळी करून परत पाठवते. माणसाचा चेहरा मला कधी दिसत नाही, तोंड मात्र पाठ होतं. या धंद्यापायी मला एक खोड लागली आहे. समोरचा बोलायला लागला की मी त्याच्या दातांकडे बघते. लोकांना वाटतं बाईचं लक्ष नाही. लक्ष असतं, फक्त ते जरा खाली असतं.

नवरा बस डेपोत नियंत्रक होता. काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार हे माइकवर सांगायचं, हे त्याचं काम. उभा जन्म दुसऱ्यांना निघायला सांगण्यात गेला आणि स्वतः खुर्चीतून हलला नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो एका बेकरीची पाव पोचवायची, बंद टपाची जुनी गाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडीला अजून पावाचा वास येत होता. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथे मनातलं सांगते आहे, तेव्हा अरे-तुरेच बरं.

"आपण आता फिरायचं," तो म्हणाला. "आपण आता कुणाचे ताबेदार नाही. वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तेव्हा निघायचं."

या "आपण"मध्ये माझी भरती कधी झाली, मला कळलंच नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. पण आमच्याकडे ही रीतच आहे. मागे एकदा त्याने सकाळी जाहीर केलं, "आपण साखर सोडली." मी मुकाट्याने डबा वरच्या फळीवर ठेवला आणि तेव्हापासून फिका चहा ढोसते आहे. गोड चहावर माझा जीव होता.

पण साखर वेगळी आणि हे वेगळं. माझं काम घराच्या मागच्या खोलीत चालतं. तिथे उत्तरेची खिडकी आहे. दाताचा रंग जुळवायचा तर उजेड दिवसभर एकसारखा लागतो, नाहीतर दुपारी पांढरा वाटलेला दात संध्याकाळी पिवळा निघतो. घासायचं यंत्र भिंतीत पक्कं केलेलं आहे, प्लास्टरचं पाणी जायला वेगळी मोरी आहे, आणि टेबलाला माझ्या कोपराचा खड्डा पडला आहे. हे सगळं बेकरीच्या गाडीत कुठे मावणार? शिवाय एक कवळी चार वेळा डॉक्टरकडे जाते आणि चार वेळा परत येते. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या बाईला कोण काम देणार? मी त्या खोलीत जाते तेव्हा मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. ती खोली गेली की मी गेले, इतकं ते सरळ होतं.

मी बोलले नाही असं नाही. एकदा ताटं वाढताना बोलले. "माझ्या कामाचं काय?"

"तुझ्या कामाला काय होतंय?" तो जेवता जेवता म्हणाला. "ते चालूच राहील की."

म्हणजे हा मला गाडीत बसवून, हादऱ्यांवर कवळ्या करायला लावणार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच्या तोंडावर इतका निर्मळ आनंद होता की मी त्याला आणखी भात वाढला. आणि खरं सांगायचं तर मी अडूनही बसले होते. त्याने मला एकदा तरी सरळ विचारावं, "येशील का?" मग मी सरळ "नाही" म्हणणार होते. न विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं?

तो विचारेना आणि बाकीचं जग माझं अभिनंदन करत सुटलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझी मजा आहे बाई! बाबा म्हणत होते, आपण आता मोकळे पक्षी." मी म्हटलं, "हो ना." खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर आमच्या कुंड्या आत्ताच मागून ठेवल्या. सगळ्यांत कहर डॉक्टरीणबाईंनी केला. माझं निम्म्याहून अधिक काम त्यांच्याकडून येतं. नवरा त्यांच्याकडे दाढ दाखवायला गेला होता, तिथेही याने दवंडी पिटली असणार. पुढच्या खेपेला त्यांच्याकडून एकच साचा आला, आणि सोबत फोन. "तुम्ही आता भटकंतीला निघणार म्हणे! मी हळूहळू दुसरीकडे काम वळवते आहे, म्हणजे तुमच्यावर ताण नको." त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि रिकाम्या टेबलापाशी बसून राहिले. चारी बाजूंनी माणसं प्रेमानं ढकलत होती आणि दार एकच उघडं होतं, गाडीचं.

त्या गाडीवर मी बहिष्कार टाकला होता. तिच्यात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. खाली ठोकाठोक चालायची, फळ्या यायच्या, टपावर सोलरचं पॅनल चढलं, तरी मी खिडकीतूनही डोकावले नाही. नवरा कधी "बघायला ये" म्हणालाही नाही. मला वाटायचं, घाबरतो. आत गेलं की ही काहीतरी बोलेल आणि आपला बेत मोडेल, म्हणून टाळतो. एवढा तरी माझा धाक आहे, याचं मला समाधान होतं.

मग फ्रिज आला. गाडीत ठेवायचा, पेटीसारखा, झाकण वर उघडणारा. त्याने तो गाडीच्याच बॅटरीला जोडून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. आत दूधही फाटलं होतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन हसला. तो म्हणाला, "ही बॅटरी गाडीला धक्का मारायला असते, काका. क्षणभर जोर लावायचा आणि बाजूला व्हायचं. हिच्याकडून दिवसभर फ्रिज ओढून घेतलात तर मरेल नाहीतर काय. तुम्हाला डीप सायकल हवी. हळूहळू, तासन् तास देत राहणारी. खूप उतरली तरी उन्हात पुन्हा भरून उभी राहणारी."

मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हे कानावर पडलं आणि माझे हात थांबले.

म्हणजे सगळं घोडं बॅटरीशी अडलं होतं. गाडी तयार, पॅनल तयार, फ्रिज तयार. बॅटरी मोठी घेतली तर ढगाळ हवेतही फ्रिज चालत राहणार आणि घरी यायचं कारणच उरणार नाही. बॅटरी लहान घेतली तर जरा आभाळ भरून आलं की फ्रिज बंद, दूध खराब, भाजी मलूल, आणि गाडीचं तोंड घराकडे. नवऱ्याला फिक्या चहाचं चालतं, बिनदुधाचा चालत नाही. मला सुटकेची पहिली फट दिसली. जायचं टळणार नसेल तर निदान वरचेवर परत तरी येता येईल, खोली हातची जाणार नाही.

त्या दिवसापासून साच्यातलं प्लास्टर सुकेपर्यंत मी फोनवर बॅटऱ्यांचं वाचायला लागले. शिशाच्या प्लेटा, ॲसिड, ॲम्पिअर-तास, काय काय. एक गोष्ट मला फार पटली. शिशाच्या बॅटरीवर जेवढी ताकद लिहिलेली असते तेवढी वापरायची नसते. निम्मी वापरायची आणि निम्मी राखून ठेवायची, तरच ती वर्षानुवर्षं टिकते. दर वेळी तळ गाठला की लवकरच कामातून जाते. मी म्हटलं, बाई गं, तुझं माझं जमणार.

नवरा बॅटरी आणायला निघाला तेव्हा मी चपला घालून दारात तयार होते.

"तू कशाला?" तो चपापला.

"का? मी आले तर काय बिघडलं?"

"तसं नाही... उन्हाचं कशाला, म्हटलं."

जुनी बॅटरी मेकॅनिकने भरून दिली होती, त्यामुळे गाडी सुरू झाली आणि मी पुढच्या सीटवर बसले. तेवढा बहिष्कार मोडावाच लागला. सीटच्या मागे त्याने जाडा पडदा लावला होता, तो मी सरकवला नाही. वाटेत तो शिट्टी वाजवत होता, पण सूर लागत नव्हता.

बॅटरीचं दुकान म्हणजे लांबट गाळा होता. जमिनीवर ॲसिडने खाल्लेले पांढरे चट्टे, एका भिंतीला चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि त्यांची बारीक गुणगुण. बॅटरीवाला चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका. वरचा डावा सुळा बाहेर आलेला आणि त्याच्या शेजारचा दात गायब. हसला की तिथे काळोख दिसायचा. माझे हात शिवशिवले.

"फ्रिजसाठी ना? या काका, या काकू. बसा." त्याने दोन स्टुलं पुढे केली. "आधी मला सांगा, किती लाड करायचे आहेत? कारण बॅटरी तीन स्वभावांची मिळते."

त्याने हात लावून दाखवल्या. पहिली लिथियमची. वजनाला हलकी, जवळजवळ सगळी वापरता येते, लवकर भरते. दुसरी बंद डब्याची, आतलं ॲसिड सांडत नाही, पाणी घालायला नको, आडवी झाली तरी चालेल. तिसरी जुन्या पद्धतीची, वर सहा झाकणं, अधूनमधून बॅटरीचं पाणी घालावं लागणारी. "हिचा गॅस निघतो, तेव्हा पेटीत ठेवून नळी गाडीबाहेर काढायची. आळशी माणसाला मी ही देत नाही."

"हीच," नवरा म्हणाला. "जिच्यात डोकावता येत नाही तिच्यावर आपला विश्वास नाही."

मला बॅटरीच्या जातीशी देणंघेणं नव्हतं, मापाशी होतं. सहा झाकणांच्या बॅटऱ्यांमध्ये एक लहान होती, एक चांगली मोठी. मोठी उचलायला दोघं लागतील अशी.

"लहान पुरे," मी म्हटलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला. "उगाच वजन कशाला वाढवायचं गाडीत?"

आता हा तोंड उघडेल, मोठीच हवी म्हणेल, म्हणून मी कंबर कसून बसले. माझ्याकडे मुद्दे तयार होते. वजन, जागा, पॅनल लहान असेल तर मोठी बॅटरी पुरती भरतच नाही आणि अर्धवट भरलेली राहून राहून खराब होते. सगळं पाठ करून आले होते.

"बरोबर आहे," नवरा म्हणाला. "लहानच घेऊ."

या माणसाने आजवर माझं पहिल्या झटक्यात कधी ऐकलं नव्हतं. साधा पंखा घ्यायचा तर आमच्यात पंधरवडा चालतो. काहीतरी गोम होती.

"थांबा, थांबा." बॅटरीवाल्याने दोन्ही हात वर केले. "दोघांनी मिळून मला बुडवू नका. उद्या फ्रिज बंद पडला की शिव्या मलाच. फिरणार कुठे? ऊन असतं तिथे?"

"असेल तिथे जायचं," नवरा म्हणाला. "ढग आले की पुढे सरकायचं."

"आणि फ्रिजमध्ये काय काय?"

"दूध. अंडी. थोडी भाजी. पाण्याची बाटली."

"बास?" बॅटरीवाला माझ्याकडे वळला. "काकू, तुमचं काय काय असणार?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "जे सगळ्यांचं तेच."

"हे बघा, फ्रिज लिटर मोजत नाही, माणसं मोजतो. माणूस वाढला की झाकण दुपटीने उघडतं. एकाने पाणी काढलं की दुसऱ्याला तहान लागते. गरम बाटल्या आत जातात, कॉम्प्रेसर पळत राहतो. त्यात दोन पंखे, दोन फोन, दोघांची वाचायची वेळ वेगळी, म्हणजे दिवे वेगळे. दोन माणसांना ही लहान पुरायची नाही. एका ढगाळ दिवसात गळपटेल." तो टेप घेऊन उठला. "तरी आधी बघू जागा किती आहे. काका, मागचं दार उघडं आहे ना?"

नवरा स्टुलावरून अर्धवट उठला. "मी देतो की माप. तुम्ही कशाला..."

तोवर बॅटरीवाला गाडीत शिरलासुद्धा. आतून फळ्यांवर पावलं वाजली, टेपचा खर्रकन आवाज आला. मग त्याचं डोकं मागच्या दारातून बाहेर आलं.

"काका, काम झकास केलंय हो! पण हा बिछाना एवढासा? दुसरं माणूस कुठे झोपणार?"

नवरा म्हणाला, "दुसरं कोण? आपण एकटाच जाणार."

तो हे अगदी सहज म्हणाला. "एकटाच."

मी उठून गाडीच्या मागच्या दाराशी गेले. पहिल्यांदाच आत बघितलं. एका बाजूला अरुंद बिछाना, त्यावर एक उशी. भिंतीला एक खुंटी, एक कप अडकवायचा आकडा. घडीचं टेबल, त्याच्यापुढे एक बैठक. सगळं इतकं सुबक, इतकं विचार करून केलेलं होतं की मला आधी त्याचं कौतुकच वाटलं. कुठे काय ठेवायचं, हात कुठे पोचेल, डोकं कुठे आपटेल, सगळं त्याच्या मापाचं. माझ्या मापाचं काही शोधायला गेले तर सापडलं नाही.

डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर स्वतःला "मी" म्हणतच नाहीत. आपण ओव्हरटाइम करत नाही. आपण कुणाला घाबरत नाही. आपण उद्या रजेवर. जन्मभर त्यांच्यात बसून नवऱ्याचीही तीच भाषा झाली, हे मला माहीत नव्हतं थोडंच? डाळ आवडत नसली तर "आपण नाही खात" म्हणतो, तेव्हा मी काय माझीही वाटी उलटी घालते? पण साखरेच्या आणि फिरायच्या "आपण"मध्ये मी स्वतःला धरलं. त्याने न विचारता धरलं, असं समजून चिडलेसुद्धा. "ते चालूच राहील की" म्हणजे माझं काम माझ्या खोलीत, माझ्या खिडकीपाशी चालू राहील, असं तो बिचारा सरळ सांगत होता. मीच महिनोन् महिने स्वतःला त्या गाडीत कोंडून घेतलं होतं.

मी सुटले होते. खोली माझी होती, उजेड माझा होता. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना एक फोन केला असता की काम परत सुरू. जे मागायची मला हिंमत होत नव्हती ते आपणहून माझ्या पदरात पडलं होतं. मोठ्यानं हसायला हवं होतं मी.

पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, ठरवता येईना. मला नको होतं हे खरं. पण मला नको असणं वेगळं आणि मी नको असणं वेगळं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या मनात "ही येईल का" एवढा प्रश्नसुद्धा उगवला नव्हता. तो मला घाबरून टाळत नव्हता. मी त्याच्या हिशेबातच नव्हते.

"तू कशाला येशील, म्हटलं," तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी जाणवलं असावं. "तुझं काम असतं. तुला तुझी खोली सोडवत नाही. बरोबर ना?"

अगदी बरोबर होतं. इतकं बरोबर की मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

बॅटरीवाला खाली उतरला. "मग काकू घरीच का? तसं असेल तर लहान मस्त चालेल. एका माणसाची धरू की दोन माणसांची?"

त्याने ते नवऱ्याला विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

"दोन."

बोलले आणि मलाच धक्का बसला. कोण बोललं हे? माझ्या कोपराचा खड्डा, माझी मोरी, उत्तरेची खिडकी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. शब्द परत गिळता येतो का म्हणून बघितलं. येईना.

"दोन?" नवरा म्हणाला.

"का? आवडणार नाही?"

"नाही, नाही. आवडेल की. का नाही आवडणार?" तो हसला. मी त्याच्या दातांकडे बघितलं. वरचे चार दात दिसले, बास. खरं हसतो तेव्हा त्याच्या दाढा दिसतात. मग ओठ मिटले, जबडा घट्ट झाला आणि कानाखालचा स्नायू वर आला. तो चेहरा मी ओळखत होते. आरशात रोज बघत होते, जेव्हापासून ती गाडी दारात आली तेव्हापासून. तोंडदेखलं हसायचं, "हो ना, मजा आहे" म्हणायचं आणि आत जीव घुसमटून जायचा. माझा आजार त्याला लागला होता, आणि मी दिला होता.

"वा, काकू!" बॅटरीवाला खूश झाला. "असंच पाहिजे. आमची ही तर दुकानात यायलाही तयार नसते. काका, नशीबवान आहात."

"हो," नवरा म्हणाला. "आहे खरा."

आता त्याला "नको" म्हणणं शक्य नव्हतं. परक्या माणसापुढे बायकोला "तू येऊ नकोस" असं कोण म्हणेल? आणि मलाही शक्य नव्हतं. आत्ता माघार घेतली तर उघडच झालं असतं की मी नुसती डिवचायला बोलले. जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. एका शब्दाने दोघांच्या मुसक्या बांधून ठेवल्या होत्या.

बॅटरीवाला आणि त्याच्या शेजारचा टायरवाला, दोघांनी मिळून मोठी बॅटरी उचलून आणली. बिछान्याखालच्या कप्प्यात ती मावेना. "कप्पा वाढवावा लागेल," बॅटरीवाला म्हणाला. "बिछाना तसाही रुंद करायचाच आहे ना आता? मग हे टेबल काढून टाका. टेबल गेलं की सगळं बसतंय." नवऱ्याने त्या घडीच्या टेबलावर तळहात ठेवला. कडा त्याने किती दिवस घासल्या होत्या, मी वरून आवाज ऐकला होता. "काढू," तो म्हणाला.

मला त्याची दया आली. खरंच आली. त्याला काचेच्या केबिनमधून सुटायचं होतं, माणसांपासून, आवाजांपासून, कदाचित माझ्यापासूनही. त्यात गैर काय होतं? मला माझ्या खोलीत तेच मिळत होतं आणि मी कधी त्याला आत बोलावलं नव्हतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं आणि तरी तोंडाला कुलूप होतं.

"आत्ता कोरडी आहे," बॅटरीवाला म्हणाला. त्याने रबरी हातमोजे चढवले आणि ॲसिडचा कॅन ओढून आणला. "मी गिऱ्हाइकासमोरच भरतो. पण एक सांगून ठेवतो. एकदा ॲसिड पडलं की परत घेत नाही आणि बदलूनही देत नाही. लहान हवी की मोठी, शेवटचं विचारून घ्या एकमेकांना."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याला काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हणावं, "जाऊ दे, मी थट्टा केली." एवढं म्हटलं असतं तर तो माणूस जागच्या जागी दहा वर्षांनी तरुण झाला असता. आणि मला काय हवं होतं? त्याने "ये" म्हणावं. मनापासून, एकदाच. "आवडेल की" नव्हे, "ये." तेवढं म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, "नाही हो, तुम्ही जा. सुखाने जा. मी आहे माझ्या खोलीत." माझ्या ओठांवर तयार होतं ते.

तो माझी वाट बघत राहिला. मी त्याची वाट बघत राहिले. टायरवाला चाक आपटत निघून गेला.

"भरा," नवरा म्हणाला.

बॅटरीवाल्याने सहाही झाकणं काढून ओळीने फडक्यावर मांडली, पहिल्या कप्प्यात नरसाळं धरलं आणि कॅन तिरका केला. आंबट, घशाला लागणारा वास आला. एक कप्पा भरला की तो वाकून आत बघायचा, मग पुढचा घ्यायचा. घाई नव्हती त्याला. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो, आणि सहावा कप्पा भरेपर्यंत आमच्यातलं कुणीही "थांबा" म्हणालं नाही.